मिठागरातलं खत

रोह्यात कुणी मला विचारलं, की तुम्ही काय काम करता, तर मी आधी समोरच्याला बसायला सांगते, कारण उत्तर लांबलचक आहे. मी एका कंपनीची व्यवस्थापक आहे. कंपनी सरकारी नाही, खाजगीही नाही. आमच्या भागातल्या दोन नगरपालिकांनी मिळून ती काढली आहे, दोन्ही गावांच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला. एवढं ऐकलं की लोक म्हणतात, "मग तुम्हाला काय कमी, दोन-दोन मालक पाठीशी!" दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण ज्यानं काढली तो नक्की आमच्यासारख्याच कुठल्यातरी कंपनीत नोकरीला असणार.

त्याआधी मी एमआयडीसीत एका रसायनाच्या कंपनीत होते. तिथे मालक एकच होता. अधूनमधून यायचा, माल किती गेला ते विचारायचा, आणि चहा अर्धा टाकून निघून जायचा. इथे मालक म्हणजे दोन्हीकडचे सगळे नगरसेवक, त्यांना मत देणारे सगळे, आणि न देणारेही. कचरा टाकणारा मालक, खत घेणारा मालक, वास येतो म्हणून फोनवर शिव्या घालणाराही मालकच. अध्यक्षपद एक वर्ष या गावाकडे, एक वर्ष त्या गावाकडे, असं ठरलेलं. एक अध्यक्ष म्हणायचे, "कंपनी आहे ना? मग नफा दाखवा." पुढच्या वर्षीचे म्हणायचे, "नगरपालिकेची कंपनी आणि नफा कसला काढता? खत फुकट वाटा, लोक नाव काढतील." मी वर्षभर गाडी एका दिशेनं ढकलत न्यायची, आणि ती जरा चालायला लागली की दुसऱ्यानं येऊन स्टिअरिंग फिरवायचं. माझा स्वभाव मुळात तापट. त्या वर्षांत मी घरी कुणावर ओरडले नाही असा दिवस विरळा.

आमच्या शेडची जागा म्हणजे तर या दोन मालकांच्या संसारातला खरा किस्सा. कचऱ्याची शेड आपल्या हद्दीत कुणालाच नको होती. सभांवर सभा झाल्या. नकाशावर बोट ठेवत दोन्हीकडचे एकेक पाऊल मागे सरत गेले, आणि मध्ये उरलं ते कासूच्या बाजूला, खाडीला लागून असलेलं एक बंद पडलेलं मिठागर. तिथे वस्ती नाही, शेती नाही, मतदार तर नाहीतच. ठराव एकमतानं झाला. आमच्या कंपनीत एकमतानं झालेला तो पहिला ठराव, आणि तोच आम्हाला सगळ्यात जास्त भोवला.

कारण आमच्या भागात मिठाची भीती काय असते ते बाहेरच्याला कळायचं नाही. बांधाला खांड पडून एकदा खाडीचं पाणी भातात शिरलं की ती जमीन पुढे कितीतरी पावसाळे नुसती बघत बसायची. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि त्याच मातीत वाढलेल्या, घरी भात आणि वाल पिकवणाऱ्या आमच्या संचालकांनी खताचा कारखाना नेमका मिठागरात घातला! हद्द वाचवायच्या नादात ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खत तयार झालं, चाळून पोत्यांत भरलं, मी स्वतः टेम्पो घेऊन गावोगाव फिरले. खांब गावापासून पेणपर्यंत उत्तर एकच.

"मिठागरातला खत? भात जाळायचाय काय आमाला?"

मी तपासणीचा अहवाल दाखवायचे. खत आम्ही सिमेंटच्या ओट्यांवर करत होतो, खाडीचं पाणी त्याच्या आसपासही फिरकत नव्हतं, आणि अहवालातही मिठाचं नाव नव्हतं. शेतकरी कागद उलटसुलट करून बघायचे, चहा पाजायचे आणि पोतं परत टेम्पोत ठेवायला मदत करायचे. इतकं गोड बोलून नाही म्हणणाऱ्या माणसांवर रागावताही येत नाही, म्हणून मी ड्रायव्हरवर रागवायचे.

शेडवर कचरा निवडायला ज्या बायका होत्या, त्या बहुतेक त्याच मिठागरात राबलेल्या. मिठागर बंद झालं तेव्हा त्यांच्यातल्या कुणी पेणच्या नाक्यावर रोजंदारीला उभ्या राहिल्या, कुणी खाडीत कोलंबी धरायला लागल्या. त्यांना कंपनीत महिन्याचा पगार मिळाला, फंड कापला जाऊ लागला, हातात मोजे आले. त्यांची मुकादम एक उंच, काटक, साठीकडे झुकलेली बाई. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला मॅडमबाय. पहिल्या दिवशी शेडच्या एका कोपऱ्यात उभी राहून ती म्हणाली होती, "अगदी हितंच मीठ वढताना माझा लगीन ठरला गो. सासरा मीठ न्यायला आलावता." मग पदर खोचून ओल्यातलं प्लॅस्टिक वेचायला बसली. घंटागाडी आली की तिच्या हाताखालच्या बायका गाणी म्हणत ढीग उपसायच्या. शेडवरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून ती गाणी ऐकू यायची, आणि खरं सांगते, त्या काळात मला नोकरी सोडावीशी वाटली नाही ती त्या आवाजामुळे.

पण न विकलेली पोती शेडच्या छपराला टेकली. संचालक मंडळाला काळजी लागली. तेव्हाच्या अध्यक्षांनी पुण्याहून एका तज्ज्ञांना बोलावलं. रामवाडीतल्या आमच्या भाड्याच्या ऑफिसात त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवून ध्येय, धोरण, दिशा असं बरंच समजावलं. दुपारच्या जेवणानंतर निम्म्या संचालकांचे डोळे मिटलेले. तेवढ्यात त्या गृहस्थांनी एक प्रश्न विचारला, "तुमची ही कंपनी उद्या बंद झाली, तर ते कुणाच्या लक्षात येईल?"

एक संचालक डोळे न उघडता म्हणाले, "कासूवाल्यांच्या. वास बंद होईल ना!"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाताना गाडीत तो प्रश्न सोबत आला. बंद झाल्याचं मावशीच्या लक्षात येणार होतं, तिच्या बायकांच्या येणार होतं. आणखी कुणाचं नाव काही आठवेना.

पावसाळा संपत आला तेव्हा प्रश्न खराच उभा राहिला. आमच्यात एक संचालक होते, खांबकडे शेती असलेले, वयस्कर, धार्मिक आणि महाहट्टी. प्रत्येक ठरावाला विरोध हा त्यांचा नेम. त्यांनी रीतसर प्रस्ताव दिला: खत कुणी घेत नाही, तेव्हा कंपनी गुंडाळावी आणि कचरा उचलायचं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यावं. दसरा झाला की लगेच सभा, तिथे निर्णय. ठेकेदार आपली माणसं आणणार, मशीन आणणार. आमच्या बायकांना तिथे जागा नव्हती. मी त्या संचालकांना फोन करून म्हटलं, "काका, निदान एकदा शेडवर येऊन बघा तरी."

"बघून काय करू? मीठ डोल्यांनी दिसतं काय?" ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बायकांना सगळं सरळ सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही. कुणी रडलं नाही. एकजण म्हणाली, "परत नाक्यावं उभी ऱ्हायची पाली." मावशी पुन्हा ढिगाशी जाऊन बसली. सुट्टी झाल्यावर ती दाराशी आली.

"मॅडमबाय, घट बसायच्या आदी आमाला एकेक थैली खत देशील काय गो?"

पोती छपराला लागलेली, एकेक थैली गेली तर मला सुटकाच होती. कशाला हवंय ते मी विचारलं नाही. परसात भाजीला घालतील, असं वाटलं.

नवरात्रात चौथ्या माळेला अध्यक्षांचा फोन आला. ते वकील, एरवी तोलून मापून बोलणारे. त्या दिवशी आवाज चढलेला. "मॅडम, तुमच्या बायकांनी देवीच्या घटात कचरा घातलाय! माझ्या दारात माणसं आलीत. सभेपर्यंत थांबायची गरजच नाही, लोकच कुलूप लावतील."

घटाची माती आमच्याकडे शेतातून आणतात. स्वच्छ जागेची, पायाखाली न आलेली. त्या मातीत धान्य पेरायचं आणि नऊ दिवस दिवा जागता ठेवायचा. कसं उगवतं त्यावरून घराचं आणि शेताचं वर्ष कसं जाणार ते बघतात. आणि यांनी त्यात दोन गावांच्या कचऱ्याचं खत घातलं! मी कासूला उतरले आणि रिक्षानं मावशीचं गाव गाठलं. वाटेत मनात काय काय शब्द जुळवले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मावशी ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी बसलेही नाही. "मावशी, तुम्ही कंपनी बुडवलीत! देवीच्या घटात कचरा?"

तिनं सूप खाली ठेवलं. "कचरा कशाला म्हनतेस? तूच तं सगल्यांना सांगत फिरतेस, ह्यो कचरा नाय, खत हाय. का आमालाच तेवढा खोटा सांगतेस?"

मी ओटीच्या कडेला टेकले.

"आत ये," ती म्हणाली, "पन पाय धू."

देवघरात दिवा होता. पत्रावळीवरच्या मातीत धान्य उगवून आलं होतं, दाट, एकसारखं, बोट घालायला जागा नाही असं. चौथ्या माळेला इतकं मी कुठे पाहिलं नव्हतं. मी हात जोडले. नजर काही त्या हिरव्यावरून हलेना. मावशीनं मला चहा दिला आणि सांगितलं, की सगळ्या बायकांनी ठरवून आपापल्या घटात खत घातलंय. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई विचारते, काय घातलास गो? त्या सांगतात. काही बायका ऐकून नाक मुरडून गेल्या. काही दुसऱ्या दिवशी नवऱ्यालाच घेऊन आल्या.

सहाव्या माळेला मी पुन्हा गेले. घरी बसवेना. मी पोचले आणि पाठोपाठ दारात मोटरसायकल थांबली. मागच्या सीटवरून आमचे हट्टी संचालक उतरले. पुतण्यानं आणलं होतं त्यांना. मला बघून ते नुसते "हं" म्हणाले. चपला काढल्या, पाय धुतले, आत जाऊन घटापुढे वाकले. मग तिथेच उकिडवे बसून अंकुर निरखू लागले. मी दाराला टेकून उभी. माझी कंपनी, माझी नोकरी, बायकांचा पगार, सगळं त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत होतं.

"किती घातलावता खत?" त्यांनी विचारलं.

"घातला थोडा," मावशी म्हणाली.

"ऱ्हायलाय काय थैलीत?"

मावशीनं थैली आणली. त्यांनी चिमूटभर खत तळहातावर घेतलं, बोटानं चुरलं आणि जिभेवर ठेवलं. आमच्याकडची जुनी माणसं माती खारी की गोडी ते असंच बघतात. बांधाच्या उघाडीतून, म्हणजे झडपेतून, पाणी आत येतं तेही असंच. मी मात्र डोळे मिटले, कारण त्या खतात काय काय जातं ते मला रोज दिसत होतं. त्यांनी ते तोंडात घोळवलं, बाहेर जाऊन थुंकले, चूळ भरली.

"गोडी हाय," ते म्हणाले.

मावशीनं त्यांना गुळाचा खडा दिला. तो खाऊन ते माझ्याकडे वळले. "देवीनं ठेवून घेतलंन, मंग आपुन कोन नाय म्हननार? वालाला दोन पोती धाडा माझ्याकडं. आन् पुतन्याकडं येगली."

मी हो म्हटलं. एरवी मी म्हणाले असते, काका, अहवालात हेच लिहिलं होतं. पण त्या दिवशी मला एवढा आनंद झाला होता की टोमणा मारायचं सुचलंच नाही.

दसऱ्याला घट उठले आणि लोकांनी टोपीत, केसांत ते कोवळे अंकुर खोवले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेडच्या दाराशी पहिला टेम्पो लागला. भातकापणी तोंडावर आलेली, मागून वाल पेरायचे होते, भाजीचे वाफे करायचे होते. ज्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं होतं तेच दारात उभे. कुणी सरळ मागायचं, कुणी आधी पोत्यात हात घालून जिभेवर ठेवायचं. मी पाण्याची कळशी आणि पेला दाराशीच ठेवून दिला, चूळ भरायला.

सभा रोह्याला झाली. प्रस्ताव वाचला गेला आणि प्रस्ताव मांडणाराच उठून विरोधात बोलायला लागला. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "पण हा तुमचाच प्रस्ताव आहे."

"व्हय, माझाच हाय. म्हनून तं मी मागं घेतो. दुसऱ्याचा आसता तर विरोध केला आसता." पुढे जे बोलले ते मात्र चेष्टेचं नव्हतं. म्हणाले, आपण भांडत बसलो की कंपनी ह्या गावाची का त्या गावाची, नफ्याची का धर्माची. खत कुणासाठी करतोय ते शेतकऱ्याला विचारलंच नाही. मी शेतकरी, मलाही सुचलं नाही.

त्या सभेत आणखी दोन ठराव झाले. खत आधी आपल्याच शेतकऱ्यांना, आणि एका भावानं. अध्यक्ष कुठल्याही गावचा असो, भाव दरवर्षी बदलायचा नाही. दुसरा ठराव बायकांचा. त्या कंपनीच्या कायम नोकरीत राहतील, काम ठेकेदाराकडे जाणार नाही. दोन्हीकडच्यांनी हात वर केले. मला खाली बघावं लागलं, कारण डोळे भरून आले होते, आणि व्यवस्थापकानं सभेत रडणं बरं दिसत नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मालक अजून दोनच आहेत. पुढच्या अध्यक्षांनी शेडला रंग कुठला द्यायचा यावर दोन सभा खाल्ल्या. पावसात वास येतोच आणि फोनही येतात. पण स्टिअरिंग आता कुणी फिरवत नाही, कारण आता सभेला मागच्या बाकावर येऊन बसणारे शेतकरी लगेच विचारतात, कुठे निघालात? त्या लोकांचे, त्या हट्टी काकांचे, हात वर करणाऱ्या प्रत्येकाचे माझ्यावर उपकार आहेत. पुण्याच्या तज्ज्ञांचेसुद्धा आहेत. प्रश्न त्यांनीच विचारला होता.

वालाला शेंगा धरल्या तेव्हाची गोष्ट. मावशी एका सकाळी कागदाचा मोठा पुडा घेऊन शेडवर आली. सुनेला मुलगी झाली होती. ती ढिगाढिगाशी जाऊन प्रत्येकीच्या हातावर जिलेबी ठेवत होती. शेवटी माझ्या टेबलाशी आली.

"लय वर्सांनी झाली गो. सगल्यांनी आशा सोडलीवती."

मी मनातल्या मनात मागे मोजलं. "म्हणजे नवरात्रात सूनबाई पोटुशी होती?"

"व्हय तं."

"आणि तरी तुम्ही घटात ते घातलंत? उगवलं नसतं तर?"

तिनं दाराकडे एकदा बघून घेतलं. मग पुडा टेबलावर ठेवून हळूच म्हणाली, "घरात सगली नाय म्हनत व्हती. आमचे मालक तर जेवले नाय त्या दिवशी. बाकीच्या बायांना मी सांगलावता, मूठभरच घाला, घरातली माती जास्ती घाला. काय वाईट झाला तर कुनाच्या घरात नको. माझ्या घटात माती नव्हतीच गो. निस्ता खत."

"का पण मावशी?"

"मी मुकादम ना? पयला माझ्या घरात नको घालू?"

दोन नगरपालिका, सगळे संचालक आणि मी, आम्ही त्या कंपनीसाठी काय काय केलं याची मला नेहमी मोठी फुशारकी होती. घरातलं होऊ घातलेलं मूल आम्ही कुणी पुढे केलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकून मागे सरली. उठवायला हात पुढे केला आणि तसाच हवेत धरून म्हणाली, "अगो, काय करतेस! हात चिकट हाय माझा."